सत्तावीस नंबरची हजेरी

इचलकरंजीतल्या एका शाळेच्या जिन्यात उभी राहून ऋजुता मगदूम घाईघाईत शेंगदाण्याचा लाडू खात होती, तेवढ्यात तिच्या फोनवर लाल ठिपका उमटला. ठिपक्याखाली नाव होतं : ईश्वरी बुगड, दहावी ब.

लाडूचा घास तिच्या तोंडातच राहिला. "यंत्राचं काहीतरी चुकलंय," ती स्वतःशीच म्हणाली.

ऋजुता शाळांची मानसतज्ज्ञ होती. चार शाळा, साडेतीन हजार मुलं आणि ती एकटी. एवढ्या मुलांत सगळ्यांची नावं लक्षात राहणं शक्य नव्हतं, पण ईश्वरी बुगडला कोण विसरणार? कबड्डीच्या संघाची कप्तान आणि शाळेतली एक नंबरची नकलाकार. स्नेहसंमेलनात तिने मुख्याध्यापक चौगुले सरांची नक्कल केली होती, तेव्हा पडद्यामागून आवाज ऐकून खुद्द सरांच्या बायकोने "अहो, संपवा आता!" म्हणून हाक मारली होती. असली पोरगी लाल?

'कानोसा' हे हजेरीचं यंत्र शाळेत येऊन तीन वर्षं झाली होती. रोज सकाळी प्रत्येक वर्गातलं यंत्र एकेक नाव पुकारायचं आणि मुलं आपापल्या जागेवरून "हजर" म्हणायची. बस, तेवढंच. पण त्या एका शब्दात यंत्राला पुष्कळ काही ऐकू यायचं. आपल्या स्वरयंत्राला हलवणारा मज्जातंतू मेंदूतून निघून छातीपर्यंत खाली उतरतो आणि मग मागे वळून गळ्यात येतो. ज्या मोठ्या तंतूची ती फांदी आहे, तोच हृदय, श्वास आणि पोटही सांभाळतो. माणूस आतून खचत चालला, झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, की त्याचा ताण या फांदीपर्यंत पोचतो आणि स्वराच्या थरथरीत बारीकसा फरक पडतो. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा. तो आईच्या कानालाही कळत नाही, यंत्राला कळतो.

कानोसा एका मुलाची तुलना दुसऱ्याशी करत नसे. त्या मुलाचा आजचा आवाज त्याच्याच मागच्या दोन महिन्यांच्या आवाजाशी ताडून बघायचा. फरक वाढत गेला की हिरव्याचा पिवळा व्हायचा आणि पिवळ्याचा लाल. यात खोटं काही नव्हतं. सातवीतला एक मुलगा पहिल्याच वर्षी या लाल ठिपक्यामुळेच वेळेवर सापडला होता. त्याची आई अजून दर संक्रांतीला ऋजुताकडे तिळगूळ घेऊन येई.

पण लाल झाल्यावर काय करायचं याचा नियम मात्र एकच होता. तीन दिवसांत मानसतज्ज्ञाने पालकांना भेटून अहवाल द्यायचा; तो आला नाही किंवा त्यात जिवाला धोका दिसला, तर फाइल आपोआप जिल्ह्याला जायची आणि मुलाची रवानगी सहा आठवड्यांसाठी निगराणी केंद्रात व्हायची. केंद्र काही वाईट नव्हतं. पण तिथून परतलेल्या पोराला गल्लीत 'लाल' हेच नाव पडायचं, आणि मुलगी असली तर बऱ्याचदा तिची शाळाच सुटायची.

आज मंगळवार होता. शुक्रवारी सकाळी दहा चाळीसपर्यंतची मुदत होती.

मधल्या सुट्टीत ऋजुताने ईश्वरीला खोलीत बोलावलं.

"मी? लाल?" ईश्वरी हसली. "मॅडम, तुमच्या यंत्राला सर्दी झालीया. वाफ द्या त्याला."

ऋजुताही हसली, पण तिच्या लक्षात आलं की ईश्वरीचं हसणं गरजेपेक्षा जरा जास्तच लांबलं होतं.

"झोप लागते का नीट?"

"ढाराढूर."

"घरी काही?"

"काय न्हाई मॅडम. आई ओरडती, बाबा पाळीवर जातात. सगळं झ्याक."

"ईश्वरी, माझ्याकडे बघून सांग."

ईश्वरीने वर पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "खरंच काय न्हाई," ती म्हणाली आणि घंटा व्हायच्या आतच उठून गेली.

संध्याकाळी ऋजुता बुगडांच्या घरी गेली. अख्ख्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट भरून होता. इथली माणसं मुळातच मोठ्याने बोलायची, आणि ईश्वरीची आई शैला तर आज आणखीच मोठ्याने बोलत होती.

"माझी पोरगी दिवसभर हसतीया, आणि तुमचं ते डबडं म्हणतंय ती लाल! सांगा की मॅडम, कुठं कमी पडलो आम्ही?"

"शैलाताई, दोष द्यायला नाही आले. तुम्ही रोज तिला बघता. हल्ली काही वेगळं वाटतं का, एवढंच विचारते."

शैलाने चहा ओतला आणि थोडी शांत झाली. "तशी भूक वाढलीया तिची. चार भाकरी नेती डब्यात. पण अंगाला काय लागंना. आणि सकाळी साडेनवालाच पळती. शाळा साडेदहाची, मी म्हटलं, एवढ्या लवकर कशाला? तर म्हणाली, नाझनीनला घेऊन जाते."

"नाझनीन कोण?"

"इक्बाल मोमीनची पोरगी. ह्या गल्लीच्या पल्याड राहती. दोघी बालवाडीपासनं एका बाकावर. तिची आई श्रावणात गेली हो. डेंग्यूचं निमित्त झालं. आता दोन धाकटी भावंडं, सैपाक, सगळं त्या पोरीच्याच गळ्यात."

ऋजुताने तिथेच फोन काढून पाहिलं. नाझनीन मोमीन, हजेरी क्रमांक सत्तावीस. हिरवी. आई गेल्यावर दिवाळीपर्यंत पिवळी होती, मग हिरवी झाली, ती आजतागायत. आई जाऊन चार महिने झालेली मुलगी इतकी स्वच्छ हिरवी?

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी ऋजुता दहावी ब च्या दारात जाऊन उभी राहिली. वर्गशिक्षक कुंभोजे सर टेबलावर वाकून वह्या तपासत होते. हजेरी यंत्र घ्यायला लागलं, तेव्हापासून हा वेळ त्यांना वह्यांसाठी मिळायचा. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण एकेका नावामागे एकेका चेहऱ्याकडे बघायची पूर्वीची सवय मात्र मोडली होती.

ऋजुताने फोन पर्समध्ये ठेवला आणि फक्त मुलांकडे बघत राहिली.

"सत्तावीस. नाझनीन मोमीन."

"हजर." पातळ, स्वच्छ, थोडासा अनुनासिक आवाज.

नाझनीनचे ओठ हललेच नव्हते. ती बाकावर हाताची घडी घालून बसली होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या शेजारी बसलेल्या ईश्वरीच्या गळ्याची शीर मात्र ताणली गेली होती.

पटांगणाच्या कडेला कबड्डीच्या मॅट्स ठेवायची खोली होती. ऋजुता ईश्वरीला तिथे घेऊन गेली आणि दोघी एका गुंडाळलेल्या मॅटवर बसल्या. ईश्वरीनेच विषय काढला.

"तुम्हाला कळलं न्हवं?"

"ओठ दिसले मला."

"सुरुवातीला आम्ही दोघी संगट म्हणायचो. ती हळू, मी जरा मोठ्यानं. मग ती बंदच झाली. यंत्राला काय कळलं न्हाई."

ऋजुताच्या ध्यानात आलं, कसं ते. दहावीच्या वयात मुलांचे आवाज बदलत असतात, म्हणून कानोसाला रोज थोडा थोडा बदल मान्य करायची सवड दिलेली होती. तेवढ्या सवडीतून ही नकलाकार पोरगी हळूहळू आत शिरली होती.

"पण का, ईश्वरी?"

"तिची सोलापूरची फुफी, तिच्या अब्बांची बहीण, आली होती दिवाळीत. म्हणाली, पोरगी लाल झाली तर मी घेऊन जाणार, शाळा बास. नाझूला शाळा सोडायची न्हाई. मला म्हणाली, तू म्हण माझ्यासाठी, दोन दिवस. मी म्हटलं. मग रोजच म्हणायला लागलं." ईश्वरीचा आवाज आता कुणाचीच नक्कल करत नव्हता. "मॅडम, ती जेवत न्हाई. मी भाकरी नेते, ती दोन घास खाती. परवा म्हणाली, झोपावं आणि उठूच नये असं वाटतं. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई. मी सकाळी पळत जाते तिच्या घरी. ती दारात दिसेपर्यंत हाका मारत राहते. रोज."

आणि मग ती रडली, लहान मुलासारखी, नाक ओढत. ऋजुताने तिला जवळ घेतलं. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. या पोरीने आपल्या मैत्रिणीचा हिरवा ठिपका उचलून धरला होता आणि त्याच ओझ्याने ती स्वतः लाल झाली होती.

"शपथ मी मोडली न्हवं?"

"मोडलीस. बरं झालं मोडलीस," ऋजुता म्हणाली. "ही गोष्ट तू एकटीने सांभाळायची नव्हतीच. आता मी आहे. आजपासून तू नुसती मैत्रीण. एवढंच काम पुरे."

त्याच दुपारी ऋजुता नाझनीनला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. ईश्वरीने सांगितलं, हे ऋजुताने वाटेत लपवलं नाही. नाझनीनने फक्त एकदा विचारलं, "तिला शिक्षा हुईल का?" स्वतःविषयी तिने काहीच विचारलं नाही.

डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि ऋजुताला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला सध्या एकटं ठेवायचं नाही. घरचं माणूस कोण आहे?"

घरचं माणूस म्हणजे इक्बाल मोमीन. नाझनीनला घरी ईश्वरीच्या सोबतीत सोडून ऋजुता त्याच्या कारखान्यात गेली, तिथे चोवीस माग एकदम चालत होते. ऋजुताला स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. ती ओरडून नाव सांगू लागली, तर इक्बालने हात वर केला.

"ओरडू नका मॅडम. माझ्याकडं तोंड करून नुसतं बोला. मला दिसतंय."

वीस वर्षं मागांच्या खडखडाटात राहून त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. इथल्या जुन्या विणकरांसारखा तोही ओठ वाचायचा. ऋजुताने आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, मुलीविषयी सांगितलं. जेवण, झोप, ते एक वाक्य. इक्बालचा हात नकळत मागाच्या दांड्यावर गेला आणि त्याने माग बंद केला. शेजारचे तेवीस चालूच राहिले.

"मला का न्हाई सांगितलं तिनं?" तो बाहेर आल्यावर म्हणाला. "मी रोज विचारतो मॅडम. काय बाळा, बरं हाय का? ती काय तरी बोलती. पण अम्मी गेल्यापासनं ती खाली मान घालूनच बोलती. मला ओठ दिसत न्हाईत. मला वाटायचं, बरं हाय म्हणती."

ऋजुता म्हणाली, "चला, घरी जाऊ."

घरात ईश्वरी दोन्ही धाकट्यांना पाढे म्हणायला लावत बसली होती. नाझनीन चुलीपाशी पाठमोरी होती. बापाची चाहूल लागली तशी ती उठली आणि मान खाली घालून पाण्याचा तांब्या पुढे केला.

इक्बालने तांब्या घेतला नाही. तो तिच्यासमोर खाली फरशीवरच बसला, म्हणजे तिची मान खाली असली तरी तिचा चेहरा त्याला दिसावा.

"आता बोल," तो म्हणाला. "बहिरा हाय मी, आंधळा न्हाई. बोल बेटा, सगळं बोल."

नाझनीनचे ओठ हलले. आवाज तिच्याकडे उरलाच नव्हता. पण तो इथे लागतच नव्हता. ती नुसत्या ओठांनी बोलत राहिली, खूप वेळ. शेजारी उभ्या असलेल्या ऋजुताला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. इक्बाल मात्र पापणी न लवता बघत होता आणि मधूनच मान हलवत होता. शेवटी त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "तुझी अम्मी गेली, तर मी बी गेलो असं समजलीस व्हय?" तो म्हणाला, आणि मग बापलेक दोघंही रडले.

ऋजुताने ईश्वरीला आणि धाकट्यांना घेऊन अंगणात जाऊन बसायचं ठरवलं.

पुढचा प्रश्न नियमांचा होता. गुरुवारी सकाळी चौगुले सर डोक्याला हात लावून बसले. "मगदूम मॅडम, यंत्राची फसवणूक झाली आहे. खरं लिहिलं तर दोघी लाल. मोमीनची पोरगी केंद्रात, तिथून सोलापूरला. खोटं लिहिलं तर तुमची नोकरी जाईल."

"खरंच लिहिणार आहे सर. पण नियमातलं अकरावं कलम वाचलंय का तुम्ही?"

अकराव्या कलमात 'परिसर आराखडा' नावाची सोय होती. डॉक्टरांची संमती, पालकांची सही आणि जबाबदारी घेणाऱ्या परिसरातल्या तीन माणसांच्या सह्या असल्या, तर मुलाला घरीच ठेवता येत असे. तीन वर्षांत जिल्ह्यात हे कलम कुणीच वापरलं नव्हतं. दुसऱ्याच्या पोरासाठी सही कोण करणार?

पहिली सही मिळाली गंगव्वाची. तिची खानावळ मोमीनांच्या घरासमोरच होती. साठी उलटलेली, कानडी हेल काढून बोलणारी बाई. तिने कागद वाचलाही नाही. "त्या तिन्ही पोरांचं दोन्ही टायमाचं जेवण माझ्याकडं. पोरगीला म्हणावं, चूल बंद. पण फुकट म्हणून न्हाई हं, संध्याकाळी माझ्या नातवाला गणित शिकवायचं." दुसरी सही कबड्डीच्या प्रशिक्षक बाईंनी केली. रोज संध्याकाळी तासभर नाझनीन मैदानावर येईल, खेळली नाही तरी गुण मांडायला बसेल, असं त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या सहीसाठी ऋजुता पुन्हा शैलाकडे गेली. शैला भडकलीच.

"माझी पोरगी दीड महिना मुकाट्यानं मरत होती, त्या पोरीपायी! आणि आता मी सही करू?"

"रागवायचा तुम्हाला हक्क आहे, शैलाताई."

"मला का न्हाई सांगितलं हिनं? मी काय खाल्लं असतं तिला?"

"तुम्ही तिला मैत्रीण तोडायला लावाल, अशी भीती वाटली असेल."

खरंच तसं केलं असतं आपण, हे शैलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आत खोलीत ईश्वरी गाढ झोपली होती, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. कित्येक दिवसांनी अशी झोपलेली. शैलाने दारातून तिच्याकडे पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला.

"आणा तो कागद. आणि सकाळी पोरगी एकटी जाणार न्हाई आता तिकडं. मी जाईन नाझनीनला आणायला. दोघींच्या वेण्या मीच घालीन."

शुक्रवारी दहा वाजून दहा मिनिटांनी ऋजुताने दोन्ही अहवाल पाठवले. त्यात सगळं खरं लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात तिला कोल्हापूरला चौकशीसाठी बोलावलं गेलं. यंत्राची फसवणूक तिच्या नजरेतून दीड महिना कशी सुटली, याबद्दल तिला सक्त ताकीद मिळाली. ती तिने निमूटपणे घेतली, कारण ताकीद अगदीच खोटी नव्हती. आराखडा मात्र मंजूर झाला. एवढंच नाही, तर हजेरीच्या वेळी वर्गशिक्षकाने मुलांसमोर उभं राहावं, असा आदेशही त्यानंतर सगळ्या शाळांना गेला.

आता सगळं लगेच गोड झालं असं नाही. जानेवारीत आईच्या वाढदिवसाच्या सुमाराला नाझनीनचा ठिपका लाल झाला, या वेळी तिच्या स्वतःच्या आवाजात. तेव्हा इक्बालने पाच दिवस रजा घेतली आणि गंगव्वा रोज रात्री गादी घेऊन त्यांच्या घरी झोपायला गेली. सोलापूरच्या फुफीशी इक्बाल फोनवर दोनदा भांडला. औषधाची मात्रा एकदा बदलावी लागली. फेब्रुवारीअखेर ठिपका पिवळा झाला. दहावीची परीक्षा नाझनीनने पिवळ्या ठिपक्यावरच दिली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सुट्टीतल्या एका टळटळीत दुपारी, ऋजुता खोलीत फाइली लावत होती. दार धाडकन उघडलं. नाझनीन मोमीन आत आली, घामाघूम, लालबुंद.

ऋजुता झटकन पुढे आली. "काय गं? काय झालं?"

"मॅडम, त्या ईश्वरीला सांगा तुम्ही! मी तिच्याशी बोलणार न्हाई. कायमचं न्हाई!"

"अगं, पण झालं काय?"

"माझा नवा हिरवा ड्रेस! अब्बांनी ईदला घेतलेला. मी अजून एकदा बी घातला न्हवता. ही न विचारता घालून गेली लग्नाला, आणि रस्सा सांडला वर! वर मला म्हणती, एवढं काय त्यात. एवढं काय?" नाझनीनने पाय आपटला. "आणि तिची आई बी तिचीच बाजू घेती. सगळेच तिची बाजू घेतात. तुम्ही घेऊ नका हां, आधीच सांगते!"

ऋजुताने फाइल खाली ठेवली. खुर्ची पुढे ओढली. पाण्याचा पेला भरून तिच्या हातात दिला आणि स्वतःचं हसू आवरत, शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नाही घेत. बस. आता पहिल्यापासून सांग, ड्रेस नेमका कसा होता?"

नाझनीन बसली. ती घटाघटा पाणी प्यायली आणि हातवारे करत, मोठमोठ्याने, सांगायला लागली. पाऊण तास सांगत होती.